सिंथेटिक व्हिजन वाचायचं कसं : छोट्या विमानातला पडदा, पायरी पायरीनं

विमान शिकणारा विद्यार्थी पहिल्यांदा सिंथेटिक व्हिजन, म्हणजे बाहेरच्या जमिनीचं संगणकानं काढलेलं चित्र, चालू करतो तेव्हा एक गोष्ट ठरलेली असते. तो खिडकीबाहेर बघायचं सोडतो. आकाश-जमीन दाखवणाऱ्या निळ्या-तपकिरी पट्ट्यांच्या जागी एकदम डोंगर, तलाव, रनवे, रनवेवरचा आकडासुद्धा दिसायला लागतो आणि पोरगं हरखून जातं. मी पाच मिनिटं बघू देतो. मग हातातल्या चार्टनं पडदा झाकतो आणि विचारतो, "समोरच्या टेकडीवरून जाणार आहोत का आपण, की तिच्यात?" उत्तर येत नाही. चित्र डोळे भरून पाहिलेलं असतं, वाचलेलं नसतं.

ते वाचायचं कसं, तेवढंच इथे सांगतोय. उदाहरणं गार्मिन कंपनीच्या जी१००० या पडद्यांच्या संचाची घेतली आहेत. सेस्ना १७२ आणि डायमंड डीए४० मध्ये बहुतेकांची गाठ याच संचाशी पडते, मग प्रशिक्षण महाराष्ट्रात चाललेलं असो, उत्तर प्रदेशात असो की अमेरिकेत. दुसऱ्या कंपनीचा पडदा असेल तर बटणांची नावं बदलतील, वाचायची रीत तीच. आणि तुमच्या विमानात जी१००० आहे म्हणजे सिंथेटिक व्हिजन असेलच असं धरून चालू नका. जुन्या संचांत ते वेगळे पैसे मोजून चालू करून घ्यावं लागायचं, आणि पुष्कळ मालकांनी ते घेतलेलंच नाही.

आधी हे : चित्र येतं कुठून

या पडद्यामागे कॅमेरा नाही. इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं धुक्यातून पाहणारी यंत्रणा वेगळी, तिला एन्हान्स्ड व्हिजन म्हणतात. सिंथेटिक व्हिजन बाहेर बघतच नाही. जीपीएस सांगतो विमान कुठे आणि किती उंचीवर आहे. अ‍ॅहार्स नावाची पेटी सांगते नाक किती वर, पंख किती कलते. मॅग्नेटोमीटर सांगतो तोंड कुठल्या दिशेला. एवढं कळलं की संगणक पोटातला भूभागाचा डेटाबेस उघडतो आणि तिथून, त्या कोनातून जमीन कशी दिसली असती त्याचं चित्र काढतो.

'दिसली असती' हे शब्द महत्त्वाचे. जगभरातल्या असल्या डेटाबेसना मोठा आधार मिळाला तो फेब्रुवारी २००० मधल्या एका अंतराळफेरीचा. एन्डेव्हर यानानं ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला रडारचा दुसरा अँटेना लावून अकरा दिवसांत पृथ्वीवरची जवळजवळ ८० टक्के जमीन मोजली. त्यानंतर सुधारणा झाल्या, पण मूळ गोष्ट तशीच राहिली : पडद्यावरचा डोंगर म्हणजे कुणीतरी कधीतरी मोजून ठेवलेला डोंगर.

तोसुद्धा जाळीवर बसवलेला. जी१००० च्या सिंथेटिक व्हिजनला निदान ९ आर्कसेकंदांचा भूभाग-डेटा लागतो. म्हणजे उत्तर-दक्षिण धरलं तर साधारण २८० मीटरला एक बिंदू. मधली जमीन संगणक जोडून घेतो. जीवधन किल्ल्याशेजारची वानरलिंगी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मुद्दा लगेच कळेल. काही शे फूट उंच सुळका, पण रुंदी कितीशी? असा सुळका दोन बिंदूंच्या मधे सापडला तर पडद्यावर त्याचं गोलसर टेकाड होऊ शकतं. सह्याद्रीची धार पडद्यावर नेहमीच बोथट दिसते.

तेव्हा त्या चित्रातले डोंगर आठवणीतले आहेत, रनवेही आठवणीतला. ताजी म्हणाल तर विमानाची स्वतःची हालचाल, आणि ती दाखवणारं एक छोटं हिरवं वर्तुळ. मॅन्युअलात त्याला फ्लाइट पाथ मार्कर म्हणतात. नव्या माणसाची नजर डोंगरांवर असते, जुन्याची वर्तुळावर. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्या वर्तुळाच्याच आहेत.

इतिहासाचं थोडक्यात आटपतो. नासाच्या लँग्ली केंद्रानं यावर बराच काळ संशोधन केलं. छोट्या विमानांत ते खऱ्या कामाला आलं अलास्कात, कॅपस्टोन प्रकल्पात, २००३ च्या सुमाराला. ढग, फ्योर्ड आणि उभे कडे यांच्यामधून रोज टपाल आणि माणसं नेणारे तिथले वैमानिक, त्यांच्याइतकी गरज कुणाला असणार! गार्मिननं जी१००० वर ही सोय आणली २००८ मध्ये.

पायरी १ : जमिनीवर, इंजिन सुरू व्हायच्या आधी

वीज दिली की उजवीकडच्या पडद्यावर डेटाबेसची यादी येते. बहुतेक जण ती न वाचता एंटर दाबतात. वाचा. नेव्हिगेशनचा डेटाबेस २८ दिवसांचा असतो, अडथळ्यांचा ५६ दिवसांचा. भूभागाचा क्वचित बदलतो, डोंगर काही दर महिन्याला हलत नाहीत. टॉवर मात्र दर महिन्याला उभे राहतात, म्हणून अडथळ्यांची तारीख मी आधी बघतो. नेव्हिगेशनची मुदत संपली असेल तर पडद्यावरच्या रनवेवरही भरवसा ठेवता येत नाही. आकडा बदललेला असू शकतो, थ्रेशोल्ड, म्हणजे रनवेचा उतरायचा आरंभ, पुढे सरकलेला असू शकतो.

मग डाव्या पडद्याखालची पीएफडी ही सॉफ्टकी, तिच्या आत सिन व्हिज, आणि तिथे सिन टेर दाबा. भूभाग दिसू लागेल. हे चालू केल्याशिवाय बाकीच्या तीन कळा चालत नाहीत. त्यातली होरायझन हेडिंग चालू करा, क्षितिजावर दिशांचे अंश उमटतात. विमानतळांच्या पाट्यांची कळही चालू करा. पाथवे तूर्त बंद ठेवा. उडायच्या मार्गावर जांभळट चौकटींची रांग उभी राहते ती त्या कळेनं. दिसायला झकास, पण शिकाऊ माणूस तिच्यात अडकला की चौकटीमागून चौकट गाठत बसतो आणि वेगाकडे, उंचीकडे बघायचं विसरतो. सरळ-सपाट उड्डाण हातात बसल्यावर तिच्याकडे वळा.

आता अल्टिमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं यंत्र. ही गोष्ट वर्गात सांगितलेली फारशी आठवत नाही कुणाला. पडद्यावरचा भूभाग आणि त्याचे इशाऱ्याचे रंग जीपीएसच्या उंचीवर चालतात, उंचीची पट्टी मात्र हवेच्या दाबावर. पावसाळ्यात दाब १००३ हेक्टोपास्कलवर आलेला असताना अल्टिमीटर १०१३ वरच राहिला, तर तो तुम्हाला खऱ्यापेक्षा सुमारे ३०० फूट जास्त उंची दाखवेल. भूभागाचं चित्र त्या चुकीला फसणार नाही. पण दोघांमध्ये ३०० फुटांची तफावत आहे हे आपणहून कुठलाच पडदा ओरडून सांगणार नाही. जीपीएसची उंची काढून पट्टीशी ताडून बघायची सवय इथेच, पार्किंगमध्ये लावून घ्या. थोडा फरक राहतोच, उन्हाळ्यात हवा तापली की वर गेल्यावर वाढतोही. पण पार्किंगमध्येच शेकड्यांचा फरक दिसला तर काहीतरी चुकलंय.

पायरी २ : लाइन-अप

रनवेवर नाक सरळ करून थांबलात की दोन सेकंद पडद्याकडे बघा. पडद्यावरचा रनवे बरोबर समोर दिसतोय का? त्याच्यावरचा आकडा बाहेरच्या आकड्याशी जुळतोय का? रनवे तिरका दिसत असेल तर दिशा चुकते आहे. तुम्ही रनवेच्या बाजूला गवतात उभे आहात असं चित्र आलं तर स्थान चुकतं आहे. चार-दोन मीटर सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर सिंथेटिक व्हिजन बंद करून साध्या पट्ट्यांवर उडा, किंवा परत फिरा. चुकीच्या रनवेवर उभं राहण्याची चूकही इथेच पकडली जाते. दोन सेकंदांत यंत्रणेची इतकी स्वस्त तपासणी पुन्हा कुठे मिळत नाही.

वर्तुळ शोधू नका, ते अजून नसतं. जमिनीवरचा वेग ३० नॉट्सच्या (तासाला ३० नॉटिकल मैलांच्या) वर गेला की उमटतं.

पायरी ३ : वर्तुळाची ओळख

हा सराव स्वच्छ दिवशी, मोकळ्या हवेत, निदान ३,००० फूट जमीन खाली असताना करा. सोबत इन्स्ट्रक्टर हवा, कारण तुमची मान खाली जाणार आहे आणि बाहेर कुणीतरी बघायला पाहिजे.

पडद्याच्या आरपार एक पांढरी रेघ असते, झीरो पिच लाइन. तेच खरं क्षितिज. तिच्या वर जी जमीन डोकावते ती तुमच्यापेक्षा उंच आहे, खाली आहे ती तुमच्यापेक्षा ठेंगणी. आता विमान सरळ-सपाट करा. हिरवं वर्तुळ बरोबर त्या रेघेवर बसेल. अल्टिमीटरचा आकडा हलणार नाही. वर्तुळ रेघेखाली गेलं की उंची घटते, वर गेलं की वाढते. क्रूझमध्ये, म्हणजे एका उंचीवरच्या सरळ प्रवासात, नाकाचं पिवळं चिन्ह वर्तुळाच्या किंचित वर असतं, दोन-तीन अंश.

मग पॉवर कमी करा, फ्लॅप टाका आणि उंची धरून वेग हळूहळू खाली आणा. उंची राखायला नाक वर, आणखी वर न्यावं लागेल. पिवळं चिन्ह आकाशात चढत जातं आणि वर्तुळ तिथेच, रेघेवर. दोघांमधलं अंतर वाढत चाललंय. ते अंतर म्हणजे ढोबळमानानं तुमचा अँगल ऑफ अटॅक, समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन. पुस्तकातली ती आकृती, जिच्यात नाक एकीकडे आणि विमान दुसरीकडे चाललेलं असतं, ती इथे डोळ्यांसमोर उभी राहते. थिअरीच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवलेल्या मुलांनाही हे इथे पहिल्यांदा कळलेलं मी पाहिलंय. एखाद्या मुलाला विचारलं, "नाक दहा अंश वर आहे, मग आपण चढतोय का?" तर तो पडदा बघतो, हसतो आणि म्हणतो, "नाही सर, चढायचं नुसतं नाटक चाललंय."

हा सराव तीन सॉर्टींमध्ये, म्हणजे तीन उड्डाणांत, तरी करा. एक सावधगिरी : वर्तुळाचा पाठलाग करू नका. ते विमान आत्ता कुठे चाललंय ते सांगतं, तुम्ही स्टिक हलवल्यावर क्षणभरानं सरकतं. नाक ठरावीक जागी ठेवा, थांबा, वर्तुळ कुठे स्थिरावतं ते बघा, मग लागेल तेवढं सुधारा.

पायरी ४ : समोरचा डोंगर

आता खरं काम. समोर डोंगर आहे आणि तुम्ही चढताय. वर्तुळ डोंगरमाथ्याच्या वर आहे की खाली? वर असेल तर आत्ताच्या चढाईनं माथा पार होतो. माथ्याच्या खाली, डोंगराच्या अंगावर असेल तर आत्ताच्या चढाईनं विमान तिथेच पोचणार.

कागदावर एक उदाहरण सोडवू. कोकणाच्या बाजूनं पूर्वेकडे निघालात. कळसूबाई, १,६४६ मीटर म्हणजे ५,४०० फूट, समोर १० नॉटिकल मैलांवर. तुम्ही ३,००० फुटांवर, मिनिटाला ५०० फूट चढताय, जमिनीवरचा वेग ९० नॉट्स. माथा तुमच्यापासून सव्वादोन अंश वर दिसतो. तुमच्या चढाईचा कोन तीन अंशांच्या जरा वर. वर्तुळ माथ्याच्या वर, जवळजवळ एक अंशानं. तिथे पोचायला ६ मिनिटं ४० सेकंद लागतील, तोवर तुम्ही सुमारे ३,३३० फूट चढाल आणि माथा ९०० फूट खाली राहील.

आता तोच डोंगर, तेच विमान, पण मागून २० नॉट्सचा पश्चिम वारा. जमिनीवरचा वेग ११०. चढाईचा दर तोच ५००, पण वेळ साडेपाच मिनिटांच्याही आत संपतो. चढता फक्त २,७०० फूट. माथ्यावरून ३०० फुटांनी जाता, आणि पडद्यावर वर्तुळ माथ्याला जवळजवळ चिकटलेलं दिसतं, फरक अंशाच्या एक तृतीयांशाचा. व्हर्टिकल स्पीडच्या आकड्यात यातलं काहीच कळत नाही, तो दोन्ही वेळेला ५०० च दाखवतो. या जागी हिरवं वर्तुळ आपली किंमत वसूल करतं.

तरी त्याच्यावर विसंबून ३०० फुटांनी डोंगर ओलांडायला जाऊ नका. तापलेल्या हवेत भरलेली सेस्ना १७२ चार-पाच हजार फुटांवर ५०० चा दर टिकवत नाही, वर्तुळ वाटेतच खाली येत जातं. उलट बाजूनं, देशावरून कोकणाकडे, वाऱ्याला तोंड देऊन येताना डोंगराच्या आडोशाची हवा खाली ओढते, आणि ती ओढ लागेपर्यंत वर्तुळाला तिची खबर नसते. माझा नेम असा : माथ्यावर १,००० फूट, वारा जोरात असेल तर २,०००, आणि चढाई डोंगराच्या पायथ्याशी पोचायच्या आधी पुरी. पायथ्याशी वर्तुळ माथ्याच्या खाली दिसलं तर वळून परत या, तिथेच चकरा मारून चढा.

आणखी एक फसवणूक नजरेची आहे. जी१००० चं चित्र नाकाच्या डावीकडे ३० आणि उजवीकडे ३५ अंशांचा पट्टा दाखवतं, म्हणजे ६५ अंशांचं जग. ते दहा इंची पडद्यात कोंबलेलं, आणि तो पडदा तुमच्या डोळ्यांना हातभरावरून जेमतेम १८-२० अंशांचा दिसतो. सगळं तिपटीनं आकसलेलं. म्हणून पडद्यावरचा डोंगर खऱ्याहून लहान आणि लांब वाटतो. 'अजून बराच दूर आहे' असं पडद्याकडे बघून कधीही ठरवू नका. अंतर नकाशावर बघा.

पायरी ५ : क्रॉसविंड

फायनलवर, म्हणजे रनवेसमोरच्या शेवटच्या उतरत्या वाटेवर, वारा डावीकडून. विद्यार्थ्यानं नाक डावीकडे धरलंय, बरोबरच आहे. पडद्यावर रनवे मधोमध नाही, उजवीकडे सरकलेला.

"सर, रनवे उजवीकडे गेला. वळू?"

"थांब. वर्तुळ कुठंय?"

"वर्तुळ... रनवेवरच आहे."

"मग विमान कुठं चाललंय?"

पडद्याचा मध्य म्हणजे नाकाची दिशा. वर्तुळ म्हणजे जमिनीवरची वाट. वर्तुळ रनवेवर असेल तर रनवे पडद्यात कुठेही असू दे, तुम्ही बरोबर चाललाय. त्यानं तेव्हा उजवीकडे वळवलं असतं तर वाऱ्यानं रनवेच्या पार पलीकडे नेऊन ठेवलं असतं.

पायरी ६ : उतरताना

अ‍ॅप्रोच (उतरायची ठरलेली वाट) लोड केला की त्याचा रनवे पांढऱ्या चौकटीनं उठून दिसतो. वर्तुळ टचडाउनच्या जागेवर ठेवा. तीन अंशांचा उतार असेल तर वर्तुळ झीरो पिच लाइनच्या तीन अंश खाली हवं. ताळा करायला जुना हिशोब वापरा : जमिनीवरचा वेग गुणिले पाच. ७० नॉट्स असतील तर मिनिटाला ३५० फूट. पापीचे, म्हणजे रनवेशेजारून उताराचा कोन दाखवणारे, दिवे दिसत असतील तर शेवटचा शब्द त्यांचा. वर्तुळ आणि दिवे यांचं जमत नसेल तर दिव्यांचं ऐका.

दोन गोष्टी इथे ठामपणे. पडद्यावर रनवे लख्ख दिसतो म्हणून अ‍ॅप्रोचच्या किमान उंचीखाली जाण्याची परवानगी मिळत नाही. त्या उंचीवर बाहेर डोळ्यांनी दिसलं तर उतरा, नाहीतर गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. विमानाच्या मॅन्युअलातल्या पुरवणीत हे स्पष्ट लिहिलेलं असतं : नुसत्या सिंथेटिक व्हिजनवर विमान चालवणं, मार्ग काढणं, डोंगर किंवा अडथळा टाळणं मना आहे. दुसरी गोष्ट, रनवे आठवणीतला आहे हे शेवटच्या २०० फुटांत विसरू नका. त्याच्यावर उभी असलेली जीप, आडवा आलेला कुत्रा, डागडुजीसाठी टाकलेला क्रॉस, यातलं काही पडद्यावर येणार नाही. डोळे बाहेर.

पायरी ७ : पिवळं आणि लाल

विमानाच्या खाली १,००० ते १०० फुटांच्या पट्ट्यात येणारी जमीन पिवळी होते. १०० फुटांच्या आतली, किंवा विमानाहून उंच, ती लाल. सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या फेरीत, उतरताना पिवळं दिसणारच, त्यात घाबरायचं काही नाही. घाबरायचं ते क्रूझमध्ये, जिथे पिवळं अपेक्षित नव्हतं तिथे. इशारा वाजला तर चर्चा करत बसू नका : पंख सपाट, पूर्ण पॉवर, चढाईचा सर्वात उभा कोन देणारा वेग. मग जिकडून आलात ती मोकळी बाजू आठवून तिकडे वळा. इशारा खोटा होता की खरा याची शहानिशा वर गेल्यावर. विमानतळाजवळ सारखा वाजतो म्हणून तो बंद करून ठेवण्याची खोड काहींना असते, आणि परत चालू करायचं राहून जातं. ही खोड लावून घेऊ नका.

पॅनेलवर सगळं असूनही काय होतं त्याचं एक उदाहरण मी प्रत्येक बॅचला सांगतो. ८ नोव्हेंबर २००७, लास वेगासजवळ. सिव्हिल एअर पट्रोल या अमेरिकेतल्या स्वयंसेवी हवाई संघटनेचं सेस्ना टी१८२टी, जी१००० असलेलं, दोन अतिशय अनुभवी वैमानिक. संध्याकाळ उलटून अंधार पडलेला, हवा स्वच्छ, चंद्र नाही. विमान सुमारे ७,००० फुटांवर होतं, माउंट पोटोसी ८,५१४ फुटांचा. दोघेही गेले. सिंथेटिक व्हिजन तेव्हा त्या संचावर आलं नव्हतं, पण भूभागाचा नकाशा दाखवायची सोय होती. समोर डोंगर उभा दिसला असता तर वाचले असते का? मला वाटतं, शक्यता बरीच होती. म्हणूनच इतक्या सावधगिऱ्या सांगूनही मी रात्रीच्या सॉर्टीला सिंथेटिक व्हिजन चालूच ठेवायला लावतो.

पडद्यावर जे कधीच येत नाही

ढग. पाऊस. पक्षी. पतंग. घाटात दोन डोंगरांमध्ये ताणलेल्या विजेच्या तारांची नोंद असेलच असं नाही. अडथळ्यांच्या डेटाबेसमध्ये साधारणपणे जमिनीपासून २०० फुटांहून उंच गोष्टी धरलेल्या असतात, आणि नोंदी किती नेटक्या ठेवल्या जातात ते देशागणिक बदलतं. साताऱ्याजवळ वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची दाटी आहे. पठार तुम्हाला पडद्यावर दिसेल. त्याच्यावरची प्रत्येक चक्की दिसेल असं गृहीत धरून तिथून खाली उडू नका.

सगळ्यात मोठा धोका ढगांचा. पडद्यावर कायम निरभ्र हवा असते. घाटमाथ्यावर ढग टेकलेत, खिंडीत मिट्ट पांढरं आहे, आणि पडदा मात्र खिंड मोकळी दाखवतोय. 'दिसतंय की सगळं' असं मनात आलं की तीच परत फिरायची वेळ.

बिघाड : चित्र जातं तेव्हा, आणि जात नाही तेव्हा

जीपीएस गेला तर भूभाग नाहीसा होऊन साध्या निळ्या-तपकिरी पट्ट्या येतात, हिरवं वर्तुळही जातं. अ‍ॅहार्स गेला तर लाल फुली येते आणि तुम्ही स्टँडबाय यंत्रांवर. हे दोन्ही प्रामाणिक बिघाड, कळतात तरी. यासाठी सराव एकच : माझा विद्यार्थी पहिले दहा तास सिंथेटिक व्हिजन बंद ठेवून उडतो, आणि नंतरही दर चौथ्या सॉर्टीला मी न सांगता ते बंद करतो. पट्ट्यांवर ज्याला उडता येत नाही त्याला डोंगरांवरही येत नाही, फक्त ते उशिरा कळतं.

वाईट बिघाड तो, ज्यात चित्र जातच नाही. जीपीएसचे खोटे सिग्नल पाठवण्याचे प्रकार वाढल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये डीजीसीए या आपल्या विमानवाहतूक नियामकानंही यावर सल्लापत्रक काढलं. अशा वेळी पडदा सुंदर, सफाईदार आणि चुकीच्या जागेचा भूभाग दाखवू शकतो. खुणा ओळखून ठेवा : वाऱ्याचा बाण अचानक अशक्य आकडा दाखवतो, जमिनीवरचा वेग उडी मारतो, घड्याळाची वेळ बदलते, जमिनीवरच्या रेडिओ बीकनवर चालणारं व्हीओआर-डीएमई वेगळंच सांगतं, जीपीएसची उंची अल्टिमीटरपासून तुटते. एक जरी खूण दिसली तरी सिन टेर बंद करा, एटीसीला (हवाई नियंत्रणाला) सांगा आणि रेडिओ बीकन व खिडकी यांच्यावर या.

टॅबलेटवालं सिंथेटिक व्हिजन

जुन्या घड्याळी पॅनेलच्या विमानात अनेक जण टॅबलेट आणि खिशात मावणारी अ‍ॅहार्सची डबी वापरतात. हाताशी असलेली जास्तीची सोय म्हणून बरी. डबी पक्की बसवा, ती वळणात घरंगळली की क्षितिजही घरंगळतं. तिचा सपाटपणा जमिनीवर सेट करू नका, चाकांवर उभ्या विमानाचं नाक उड्डाणातल्यासारखं नसतं. क्रूझमध्ये, विमान सरळ-सपाट असताना सेट करा.

आणि ऊन. बऱ्याच टॅबलेटना ३५ अंशांपर्यंतचीच हवा मानवते. मे महिन्यात विदर्भात सावलीतच त्याच्यावर दहा अंश असतात, आणि कॅनोपीखाली काय असेल ते वेगळं सांगायला नको. माझा एकदा टॅक्सी करतानाच 'गार होऊ द्या' असा संदेश देऊन काळा पडला, आणि तासभराची ती सॉर्टी मी घडी घातलेल्या कागदी नकाशावर काढली. थेट उन्हात लावू नका, चार्जर काढून ठेवा, वाऱ्याच्या झोताजवळ बसवा.

रात्र

अमावास्येच्या रात्रीही सिंथेटिक व्हिजनमध्ये लख्ख दिवस असतो. ब्राइटनेस कमी केला नाही तर बाहेर काळोखाशिवाय काही दिसत नाही, कारण डोळे पडद्याच्या उजेडाला सरावलेले असतात. रनवेवर जायच्या आधी दोन्ही पडदे इतके मंद करा की आकडे वाचायला किंचित लक्ष द्यावं लागेल. दहा-पंधरा मिनिटांनी डोळे रुळले की आणखी थोडे मंद करता येतात. उतरून शटडाउन केल्यावर अ‍ॅव्हिऑनिक्सचा डिमर मूळ जागेवर आणून ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी भर उन्हात सकाळच्या सॉर्टीचा विद्यार्थी काळाठिक्कर पडदा बघतो आणि थेट मेंटेनन्सला फोन लावतो.